शिवेवरची टोपली

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार जिचे आहेत तिचं नाव जनीबाई मेंगाळ. आमच्या डोंगराच्या पलीकडच्या उतारावर, मुरबाडच्या हद्दीतल्या एका ठाकरवाडीत ती राहते. तिला लिहिता-वाचता येत नाही, तिच्याकडे फोन नाही, आणि आपण कोणावर काही उपकार केले आहेत असं तिला आजही वाटत नाही. तिचं नाव मी आधीच सांगून टाकतो, कारण असे अनुभव सांगणारे आम्ही लोक शेवटी सगळं श्रेय देवाच्या पायाशी ठेवतो आणि मधल्या माणसाचं नाव विसरून जातो. मी देवाला मानतो. लहानपणापासून मानत आलो आहे. पण ज्या दिवसांबद्दल लिहितो आहे त्या दिवसांत मी देवावर असा चिडलो होतो की त्याच्यासमोर उभं राहून त्याला नको ते बोललो. तो राग अजून पुरता गेलेला नाही. राग आणि कृतज्ञता एकाच माणसाच्या पोटात एकत्र राहू शकतात का, हे मला कोणी शिकवलं नाही. माझ्या पोटात ती दोन्ही राहतात, एवढं मी सांगू शकतो.

आमची वाडी शहापूर तालुक्यात, शेणव्याहून आत डोंगराकडे आहे. वाडीतला मी पहिला पदवीधर. याचं माझ्यापेक्षा जास्त कौतुक माझ्या थोरल्या बहिणीला, येसूताईला. मी आश्रमशाळेत गेलो तेव्हा तीही जाऊ शकली असती. पण आई-बाबांबरोबर वीटभट्टीवर चिखल मळायला कोणीतरी हवं होतं, म्हणून ती गेली आणि मी शिकलो. मी बी.ए. झालो तेव्हा माझं गुणपत्रक तिने हातात घेतलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि म्हणाली, "यात माजं नाव कुठं हाय रे?" सगळे हसले. मीही हसलो. ती गंमत करत होती असं तेव्हा वाटलं होतं.

त्या वर्षी दिवाळीनंतर ताई आणि भावोजी नेहमीप्रमाणे भट्टीवर गेले. भट्टी मुरबाडकडच्या म्हसा गावाच्या अलीकडे होती. पौषात म्हशाची जत्रा भरली, सगळे मजूर जत्रेला गेले, आणि तिथे गर्दीत ताईला खोकल्याची उबळ आली. पदराला लाल डाग पडला. शेजारच्या झोपडीतल्या जनीबाईने तो पाहिला. ताई म्हणत होती पान खाल्लंय. जनीबाई म्हणाली, "मला नको शिकवू गो. माझ्या घरात हाच डाग हाय." तिचा नवरा नवसू, त्याला थोड्याच दिवसांपूर्वी टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तिने ताईला हाताला धरून तिकडच्या आरोग्य केंद्रात नेलं. बेडका तपासला, टीबी निघाला, गोळ्या सुरू झाल्या. रोज तीन, विटकरी रंगाच्या.

ही सगळी हकीकत मला ताईने नंतर सांगितली. सकाळी मातीत हात घालण्याआधी जनीबाई दोघांना समोरासमोर बसवायची. एकाने गोळ्या गिळल्या की दुसऱ्याने त्याचं तोंड बघायचं. त्या गोळ्यांनी लघवी लाल होते. नवसू म्हणायचा, "येसू, मालकाला सांग, इटांना रंग यायला आता आग नको, आपन दोघं पुरे." नवसूला मी कधी पाहिलं नाही. पण एवढ्या एका वाक्यावरून तो मला ओळखीचा वाटतो.

मग मार्च महिना आला आणि कोरोनामुळे सगळं बंद झालं. भट्टी विझली. ताई आणि भावोजी डोंगरवाटेने चालत आमच्याच घरी आले. मी भिवंडीच्या एका गोदामात कामाला होतो, तेही बंद झालं, मीही आलो. ताईच्या पिशवीत आठ दिवस पुरतील एवढ्याच गोळ्या होत्या. मी म्हणालो, काळजी करू नको, मी आहे ना. शिकलेल्या भावाने हे म्हणायचं असतं.

उपकेंद्रात गेलो तर कुलूप. नर्सबाईंना नाक्यावर ताप मोजायला बसवलं होतं. तिथून पुढे मोठ्या केंद्रात गेलो. कोणतं केंद्र, ते लिहीत नाही. एकाचं नाव लिहिलं तर बाकीचे सुटतात. तिथे सांगितलं, टीबीचा माणूस कोविडच्या ड्युटीवर आहे. मी ताईचं कार्ड दाखवलं. खिडकीतल्या माणसाने ते हातात न घेता लांबूनच वाचलं आणि म्हणाला, "नाव तिकडच्या तालुक्यात आहे. तिकडून बदली होऊन आल्याशिवाय इकडं औषध निघत नाही." मी तिकडे फोन लावला. तिकडचा माणूस म्हणाला, "पेशंट इकडून गेली ना? मग आता तुमच्या तालुक्यानं द्यायचं." बेडका पुन्हा तपासावा म्हणून विचारलं, तर टीबीचं मशीन आता कोरोनाच्या तपासणीला लावलं आहे, असं उत्तर मिळालं. ताईच्या कार्डावर तिकडच्या टीबी सुपरवायझरचा नंबर होता. तो फोन कधी बंद, कधी नुसता वाजत राहायचा. वाटेत पोलिसाने अडवलं, कशाला फिरतोस विचारलं. मी टीबी म्हणालो आणि तो दोन पावलं मागे सरकला. गोळ्या संपून एक दिवस झाला, पाच झाले, दहा झाले.

मला हे शांतपणे सांगता येत नाही. ज्या खोकल्यासाठी आरोग्य खात्याचे लोक घरोघर फिरून माणसं शोधायचे, तोच खोकला आता ऐकला की दार लावून घ्यायचे. ताईने खोकायचं नाही असं ठरवलं होतं. उबळ आली की ती तोंडात पदर कोंबायची आणि तिचे डोळे बाहेर आल्यासारखे व्हायचे. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. आपलंच माणूस आपल्याच घरात चोरून आजारी पडत होतं. आणि मी, कागद वाचता येणारा घरातला एकटा, कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता पळत होतो.

आता वाडीबद्दल सांगायला हवं. रोगराई आली की आमच्याकडे गाव बांधतात. भगत चारी बाजूंनी शीव बांधतो, राख टाकतो, लिंबाच्या डहाळ्या लावतो, आणि ठरलेल्या दिवसांपर्यंत बाहेरचं कोणी आत येत नाही. या वेळी वाटेवर काटेरी फांद्याही घातल्या आणि पाळीपाळीने पहारा बसवला. शिवेवर "बाहेरच्यांना प्रवेश बंद" असा फलक लावला. अक्षर चांगलं म्हणून तो मला लिहायला सांगितला. मी ओळ आखून, सुबक लिहिला.

डोंगरवाट जिथे वाडीच्या हद्दीत शिरते तिथे आमचा वाघोबा आहे. शेंदूर लावलेला दगड, त्यावर वाघ कोरलेला, वर चंद्र-सूर्य. मी प्रत्येक परीक्षेला जाताना त्याला नारळ दिला आहे. शिवेवर ठेवलेल्या वस्तूला मात्र आमच्यात कोणी हात लावत नाही. एक गाव आपला रोग टोपलीत घालून, लाल फडक्याने झाकून, तांदूळ टाकून दुसऱ्याच्या शिवेवर ठेवतो, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. ज्याने ती टोपली उचलली, रोग त्याच्या घरी गेला. मग तिला हात न लावता लांब बांबूने पुढे लोटायचं, खालच्या ओहळात किंवा पुढच्या गावाच्या हद्दीत, आणि वळून न पाहता घरी यायचं.

एके दिवशी दुपारी पहाऱ्यावरून आलेले धाऊकाका म्हणाले, "येक बाई आली व्हती डोंगरावरना, धापा टाकीत. खोकायची. हाकलली." धाऊकाका आमच्या भावकीतले, बाबांच्या वयाचे. मी म्हणालो, "बरं केलंत."

मी म्हणालो, बरं केलंत. हे वाक्य मी मुद्दाम दुसऱ्यांदा लिहितो आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीत ओरड झाली. वाघोबाच्या पायाशी टोपली होती. लहान, बांबूची, लाल फडक्याने झाकलेली, वर मूठभर तांदूळ सांडलेले. सगळी वाडी लांब उभी राहून बघत होती. कोणी म्हणे पलीकडच्यांनी रोग लोटला, कोणी म्हणे कालची बाईच ठेवून गेली. मी म्हणालो, हे असलं काही नसतं, रोग टोपलीतून येत नाही. तेव्हा धाऊकाका सगळ्यांसमोर म्हणाले, "ओ बीए, तू शिकेल मानूस ना? मग उचल बघू. आमी बघतो."

लोक हसले. मी उचलली नाही. घरी आजारी माणूस आहे, उगाच वाडीला बोलायला जागा कशाला, असं मी स्वतःला समजावलं. पण ते खोटं होतं. मला भीती वाटली होती. तीन वर्षं कॉलेज करूनही माझा हात पुढे गेला नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी ऊन उतरताना ताईच्या तोंडातून पुन्हा रक्त आलं, या वेळी ओंजळभर. आईने राख टाकून ते झाकलं. ताई मला म्हणाली, "भाऊ, तू आता धावू नको. दमतोस." मी तिथे थांबू शकलो नाही. सरळ वाघोबाकडे गेलो. वाटेवर कोणी नव्हतं. मी हात जोडले नाहीत. म्हणालो, तू दगडच आहेस. वर्षानुवर्षं आमच्याकडून कोंबडं घेतोस, नारळ घेतोस, आणि एका बाईला गोळी द्यायची वेळ आली तर तुझ्याकडे काही नाही. तू आणि ते खिडकीतले साहेब सारखेच. तेही म्हणतात नाव तिकडे आहे, तूही तेच म्हणतोस. मी बराच वेळ बोलत होतो. आणि हे सगळं बोलताना ती टोपली माझ्यापासून दोन हातांवर होती. मी तिच्याकडे बघायचंही टाळत होतो.

तिसऱ्या दिवशी भगताने निकाल दिला. टोपली लोटायची, आणि ज्याच्या घरात खोकला आहे त्यानेच लोटायची. म्हणजे मी. ताईचा आजार वाडीला कळला होता तर. मला लांब बांबू दिला. भगत म्हणाला, हळू लोट, वारा लागल्यासारखं लोट, सांडू देऊ नको, सांडलं तर इथंच राहील. टोपली सरकवत नेऊन खालच्या ओहळात सोडायची होती.

माझ्या डोक्यात त्या वेळी देवाचा विचार नव्हता, आजाराचाही नव्हता. नुसता राग होता. मी बी.ए., माझी बहीण घरात रक्त ओकते आहे, आणि मी इथे हातात बांबू घेऊन टोपली ढकलतो आहे. मी हळू लोटली नाही. बांबू उचलला आणि टोपलीला ढोसलं, जणू त्या खिडकीलाच ढोसतो आहे. टोपली उडाली, उलटी झाली. तांदूळ पसरले, सुकी मोहाची फुलं पसरली. मागून कोणीतरी किंचाळलं. आणि उन्हात काहीतरी चकाकलं.

गोळ्यांची पाकिटं. विटकरी गोळ्या, रुपेरी पत्र्यात. त्यांची रिकामी पाकिटं ताई उशाखाली जपून ठेवायची, त्यामुळे मी झोपेतही ओळखली असती. हळू लोटली असती तर दहा पावलांवर ओहळ होता.

मी राख ओलांडली आणि गुडघ्यावर बसून ती पाकिटं गोळा केली. मागे काय ओरडत होते ते मला ऐकू येत नव्हतं. पाकिटांबरोबर एक कार्ड होतं. त्यावर नाव होतं नवसू मेंगाळ. मी मान वर केली तर समोर वाघोबा होता. माझ्याच्याने नमस्कार झाला नाही. मी नुसता बघत राहिलो आणि मला रडू आलं. त्या रडण्यात लाज जास्त होती.

घराच्या मागच्या टेकाडावर रेंज येते. तिथून कार्डावरच्या सुपरवायझरला फोन लावला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो उचलला गेला. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पाकिटावरची नावं वाच." चार लांबलचक इंग्रजी नावं मी एकेक अक्षर करून वाचली. मग तारीख वाचली. मग ताई रोज किती घ्यायची ते सांगितलं. ते म्हणाले, "हीच आहेत. आजच सुरू कर. राहिलेले दिवस पुढे भरून काढू. डोळे पिवळे झाले किंवा उलट्या थांबल्या नाहीत तर लगेच कळव. आणि रक्त पुन्हा आलं तर मला सांग, गाडीची व्यवस्था मी बघतो." मग त्यांनी विचारलं, "पाकीट कोणाच्या नावावर आहे म्हणालास?"

"नवसू मेंगाळ."

मग ते म्हणाले, "तो गेला रे. ते पाकीट मीच त्याच्या दारात दिलं. त्याचा दहावा होता त्या दिवशी." पुढे म्हणाले, मला महिनाभर शाळेत विलगीकरणात ठेवलेल्या लोकांची हजेरी घ्यायला बसवलंय, माझ्या यादीतली माणसं कुठं गेली, कोण जगलं, मलाच ठाऊक नाही. त्यांच्यावर ओरडायचं म्हणून मी किती दिवस शब्द जमवून ठेवले होते. एकही वापरता आला नाही. त्यांनी त्याच आठवड्यात ताईचं नाव आमच्या तालुक्यात पाठवलं आणि पुढच्या गोळ्या इकडून मिळू लागल्या. एका माणसाच्या एका कागदाचं काम होतं. असल्याच टोलवाटोलवीत एक माणूस मेला होता आणि दुसरं मरायला टेकलं होतं.

वाटा मोकळ्या झाल्यावर मी डोंगर उतरून पलीकडे गेलो. जनीबाई अंगणात नाचणी पाखडत होती. मी येसूचा भाऊ म्हटल्याबरोबर तिने सूप खाली ठेवलं आणि आधी विचारलं, "हाय का गो ती?" बाईमाणसाला विचारावं तसं, घाईत. मी म्हणालो, आहे. मग ती खाली बसली.

तिने जे सांगितलं ते असं. गोळ्या संपल्यावर नवसू दोनदा केंद्रात गेला. पहिल्या वेळी उद्या या म्हणाले. दुसऱ्या वेळी तो खोकला, तर त्याला कोरोनाचा संशयित म्हणून शाळेच्या खोलीत बसवलं. रिपोर्ट येईपर्यंत सोडलं नाही, आणि तोवर टीबीची गोळीही दिली नाही, कारण ते काम तिथल्या कोणाचं नव्हतं. कोरोना नाही निघाला. घरी आला तो उचलून आणलेला. "खोकला बघितला त्यांनी," जनीबाई म्हणाली, "मानूस नाय बघितला."

दहाव्याला पाकीट आलं. सुपरवायझर ते परत घेऊन जात होते. तिने दिलं नाही. ती म्हणाली, ज्याचं आहे त्याला नाही मिळालं, पण अजून एकीचं तोंड मी रोज उघडून बघत होते, तिला देते. आणि भल्या पहाटे निघून, अर्धा दिवस चालून ती डोंगर चढून आमच्या शिवेवर आली. आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून टोपलीत तांदूळ आणि मोहाची फुलं घेतली. ऊन लागू नये म्हणून वर चोळीचं लाल फडकं बांधलं. आमच्या पहाऱ्याला तिने ताईचं नाव सांगितलं, औषध आहे हेही सांगितलं. धाऊकाका तिला म्हणाले होते, "येसूला तुमच्याकडनंच लागलाय. आता काय आनखी द्यायला आलीस?"

मी विचारलं, मग तू काय केलंस मावशी? ती म्हणाली, "काय करनार? तुमच्यापेक्षा तो दगूड बरा. त्याच्यापाशी ठेवलं. म्हनलं, देवा, तूच पोचव आता. मी चालले." एवढं सांगून तिने पुन्हा सूप उचललं.

यावर मी खूप विचार केला आहे. लोक मला सांगतात, बघ, देवाने कसं पोहोचवलं. मला ते ऐकवत नाही. नवसूचं औषध उशिरा आलं म्हणून ते माझ्या बहिणीला मिळालं. असा हिशोब देवाचा असेल तर तो मला मान्य नाही, आणि तो देवाचा आहे असं मला वाटतही नाही. नवसूला देवाने नेलं नाही. त्याला नेलं ते "उद्या या" आणि "हे काम आमचं नाही" या शब्दांनी. ज्यांनी ते शब्द उच्चारले त्यांना मी क्षमा केलेली नाही, कारण क्षमा करणं माझं काम नाही, ते जनीबाईचं आहे. आणि त्या शब्दांपेक्षा माझं "बरं केलंत" काही कमी नव्हतं.

पण एक गोष्ट मला नाकारता येत नाही. मी देवाकडे मागत होतो तेव्हा दिलेलं तिथेच पडलेलं होतं. मला ते घेता आलं नाही, कारण ते मला हवं तशा रूपात आलं नव्हतं. खिडकीतून, शिक्क्यासह, माझ्या शिक्षणाला शोभेल असं यायला हवं होतं. ते आलं विधवेच्या चोळीच्या फडक्यात. मी शरणागती म्हणजे हात जोडून गप्प बसणं समजत होतो आणि त्याचाच मला संताप यायचा. जनीबाईने मला दुसरी शरणागती दाखवली. आपल्याला जेवढं चालता येतं तेवढं चालायचं, हाकललं तरी वस्तू माघारी न्यायची नाही, आणि आपले पाय संपतात तिथे उरलेलं देवावर टाकून घरी जायचं. तिने ते टाकलं. त्याने ते माझ्या रागाच्या हाताने उचललं. मी याला चमत्कार म्हणत नाही. मी नमस्कार करतो, एवढंच.

ताईचा शेवटचा बेडका तपासून आला तेव्हा मी जनीबाईला हे पत्र पाठवलं.

तीर्थरूप जनीमावशीस, येसूच्या भावाचा साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुला जो कोणी वाचून दाखवील त्याला माझी विनंती, मधलं काही गाळू नका, मावशीला वाईट वाटेल म्हणूनही गाळू नका.

मावशी, येसूताईच्या गोळ्या संपल्या. बेडका साफ निघाला. साहेबांनी कार्डावर "बरी झाली" असं लिहिलं, ते मी तिला वाचून दाखवलं. तिने मला तीनदा वाचायला लावलं. ती आता घडा घेऊन झऱ्यावरून येते. मध्ये एकदा टेकते, पण येते. भाकरी दीड खाते. तू असतीस तर तोंड उघडून बघितलं असतंस.

तुझी माफी मागायला मी तुझ्या अंगणात आलो होतो आणि न मागताच परत आलो. तू पाखडत होतीस, मला धीर झाला नाही. ज्या दिवशी तुला आमच्या शिवेवरून हाकललं, त्या दिवशी मी "बरं केलंत" म्हणालो होतो. तू कोण हे मला माहीत नव्हतं, पण ते काही कारण नाही. धाऊकाकांना मी वाडीसमोर विचारलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या दारात लाकडाचा भारा आणून टाकला आणि निघून गेले. तुझ्यापर्यंत त्यांची माफी पोहोचेल की नाही मला सांगता येत नाही. तू घेऊही नको, तुला नको वाटली तर.

दुसरं असं की नवसूकाकांबद्दल मी एक अर्ज लिहिला आहे. त्यांच्या गोळ्या का थांबल्या, ते शाळेत बसलेले असताना त्या का दिल्या नाहीत, हे मी लेखी विचारलं आहे. मला फक्त लिहायला येतं, तर तेच करतो. पण माणूस तुझा आहे. तुझा अंगठा लावल्याशिवाय मी तो देणार नाही. तू नको म्हणालीस तर मी तो फाडीन आणि तुला पुन्हा विचारणार नाही. तू हो म्हणालीस तर उत्तर येईपर्यंत मी तुमच्याकडच्या खिडकीसमोरून हलणार नाही, आणि या वेळी ताईच्या नावाने नाही, त्यांच्या नावाने उभा राहीन.

त्या दिवशी निघताना देवाबद्दल तू मला विचारलं होतंस, त्याच्याशी बोलतोस का अजून. बोलतो. भांडतोही. तू म्हणालीस त्याला चालतं, म्हणून भांडतो.

आता कामाचं. तुझं भात तयार झालं असेल आणि यंदा तू एकटी आहेस. ताई आणि मी दोघं कापणीला येतो. ही सावड नाही, तू याचे दिवस आमच्या शेतावर फेडायला यायचं नाही, असं मी म्हणतो. ताई म्हणते, "ती ऐकनार हाय का तुजं? ती येनारच." ते तुम्ही दोघी बांधावर बसून ठरवा, मी मध्ये पडत नाही. भाकऱ्या आम्ही बरोबर आणतो. ताईला पहिल्या दिवशी अर्धाच वेळ कापू दे, ती पूर्ण म्हणेल, ऐकू नको.

मला विळा नीट धरता येत नाही. शाळेत गेलो, तेवढं शिकायचं राहून गेलं. मला कडेची ओळ दे, आणि हात चुकला तर सगळ्यांसमोर शिव्या दे.

तुझा,
येसूचा भाऊ